चार बोटांची फट

रविवार, ५ मार्च

चि. टकलीस,

बाबाचे आशीर्वाद, नेहमीइतकेच. कमी-जास्त काही केलेलं नाही.

इकडे आम्ही दोघंही ठणठणीत. आत्याचा गुडघा कुरकुरतो, पण आत्या त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरते, त्यामुळे त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. जिन्यातला दिवा एकदाचा बदलून झाला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी या वयात व्हायोलिन शिकायला घेतलं आहे. माझे कान गेल्याचा इतक्या वर्षांत हा पहिला फायदा. तू कमरेपर्यंत केस वाढवलेस तरी जन्मली तेव्हाची टकली ती टकलीच, तेव्हा नावाबद्दल पुन्हा तक्रार नको. आणि फोन का करत नाही म्हणून रागावूही नकोस. फोनवर तू ओरडतेस, मी ‘हो हो’ म्हणतो आणि नंतर नक्की कशाला हो म्हणालो ते आत्याला विचारत बसतो. पत्रच बरं.

तर, तुझं पत्र. ‘तो तुमच्याच कारखान्यात कामाला येतोय बाबा. त्याला नीट बघा आणि सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुढे जाणार नाही.’ बघायला सांगितलंस, बघतो आहे.

सोमवारी आला. उंच आहे. उंच माणसांना मशीनखाली काम करता येत नाही, पण ते जाऊ दे. पाठीला बॅग, हातात लॅपटॉप, आणि चेहऱ्यावर ते हसू. सगळ्यांशी हसतो. मॅनेजर साहेबांशी, वॉचमनशी, आमच्या मिक्सरवाल्या जाड्याशीसुद्धा. जाड्या गेली कित्येक वर्षं माझ्या हाताखाली मिक्सर चालवतो, मला कधी चहा विचारला नाही. याला पहिल्याच दिवशी स्वतःच्या डब्यातलं जेवण दिलं.

काम काय आहे ते तुला त्याने सांगितलं असेलच, माझ्याआधी. तरी सांगतो, कारण मिक्सर माझा आहे. वरून रबर, काजळी, तेल सगळं आत जातं, पोटात दोन फिरक्या ते मळतात, आणि बॅच तयार झाली की तळाचा लोखंडी दरवाजा उघडतो. गरम गोळा धपकन खाली पडतो. दरवाजा पुन्हा वर येतो, घट्ट बसतो, पुढची बॅच. इतकी वर्षं तो दरवाजा हवेच्या दाबावर चालायचा. यायचा तो धाडकन, इमारत हलायची. आता याच्या कंपनीने दरवाज्याला मोटर दिली आहे. मधल्या वाटेत जोरात, शेवटी मांजरीच्या पावलांनी, आणि बसला की ब्रेक आवळणार. ब्रेकही शहाणा. करंट मिळाला तरच सुटतो, करंट गेला की स्वतःहून आवळतो, म्हणजे वीज गेली तरी दरवाजा कोणाच्या डोक्यात पडणार नाही. कल्पना चांगली आहे. ती त्याची नाही, कंपनीची आहे.

मोटर आणि ब्रेकची जोडणी मी माझ्या हाताने केली. तो म्हणाला, “काका, जोडणीचा नकाशा देतो.” मी म्हटलं, “ठेव तुझ्याजवळ.” मोटर जोडायला मला चित्र लागत नाही.

एक गोष्ट खटकते. मी कुठेही उभा असलो तरी तो फिरून माझ्या उजव्या बाजूला येतो आणि अगदी तोंडासमोर तोंड आणून बोलतो. एवढी सलगी कशाला? माणसाने जरा अंतर ठेवावं.

बुधवारी आत्याने त्याला जेवायला बोलावलं. मला विचारून नाही, सांगून. निळ्या काठाचा कप काढला. तो कप तू गेल्यापासून कपाटात आहे. मी एकदा मागितला होता, तर “फुटेल” म्हणाली. त्याच्या हातून फुटत नाही वाटतं. वर तो गेल्यावर मला म्हणते, “दादा, तुझ्या पोटात दुखतंय.” मी म्हटलं, माझं पोट उत्तम आहे.

शुक्रवारी गेटवर टपाल आलं होतं. दोन पाकिटं, दोन्हींवर तुझं अक्षर. माझं पाकीट हलकं होतं. त्याचं मी हातात घेऊन पाहिलं, मग वॉचमनला परत दिलं. त्याला जास्तीचं तिकीट लावावं लागलं होतं तुला.

अजून काही मत बनवलेलं नाही. घाई काय आहे?

तुझा
बाबा


रविवार, १२ मार्च

चि. टकलीस,

आशीर्वाद. आज मन प्रसन्न आहे, तेव्हा जरा जास्तच घे.

तब्येती उत्तम. मास्तर एकाच सुरावर अडले आहेत असं आत्या सांगते. गॅलरीतल्या कुंडीला नवी पानं फुटली. आणि तुझ्या इंजिनियरचा दरवाजा बंद होत नाही.

होय. होत नाही! मंगळवारी पहिली चाचणी. मॅनेजर साहेब इस्त्रीचा शर्ट घालून हजर. दरवाजा झोकात निघाला, मधली वाट मस्त कापली, शेवटी वेग कमी केला, हळू, आणखी हळू, आणि थांबला. चार बोटांची फट ठेवून. पुढे जाईना. तुझा माणूस लॅपटॉपमध्ये वाकला. वेग थोडा वाढवून पाहिला तर दरवाजा बसला, पण असा आदळला की जाड्याच्या हातचा चहा सांडला. वेग कमी केला की चार बोटं, वाढवला की धाडकन. मंगळवार गेला, बुधवार गेला, शनिवार गेला, तेच. मॅनेजर साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घालणं सोडलं.

 मी फक्त येता-जाता फटीत चार बोटं घालून माप घ्यायचो, त्याला दिसेल अशा बेताने.

खरं सांगू? सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो कारखान्यातल्या पोरांना तुझ्याबद्दल काहीतरी सांगत होता. पोरं हसत होती. मला लांबून नुसती तोंडं दिसत होती. तू लहानपणी काय काय केलंस ते या कारखान्यात फक्त मला माहीत होतं. मीच सांगायचो. आता माझ्याच मशीनजवळ, माझ्याच पोरीची गोष्ट, दुसरा कोणी सांगतो आणि ती मला ऐकू येत नाही. मग मंगळवारी दरवाजा अडला तेव्हा मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. लपवत नाही.

त्याने बुधवारी मला विचारलं. मोटरच्या खोक्याच्या झाकणावर हात ठेवून, त्याच्या त्या सवयीप्रमाणे अगदी समोर येऊन.

“काका, ब्रेकचं कनेक्शन एकदा बघू का?”

“ते मी केलंय.”

“हो, म्हणजे सहजच...”

“मी केलंय म्हटलं ना? तू पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात नव्हतास तेव्हापासून मी मोटरी जोडतोय.”

त्याने झाकणावरचा हात काढला. स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला. “बरं काका,” म्हणाला आणि परत लॅपटॉपकडे गेला. बघ, एवढाच दम. मी असतो तर उघडून बघितलं असतं, मग समोर कोणी का असेना. तेव्हा मनात म्हटलं, उद्या संसारात काही अडलं तर हा असाच “बरं” म्हणून बाजूला होणार का?

आता ब्रेकजवळ जरा जळका वास येतो म्हणतो. रबराच्या कारखान्यात कसला वास येणार, अत्तराचा?

काल साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. पुढच्या शुक्रवारपर्यंत दरवाजा चालला नाही तर कंपनीला कळवून दुसरा माणूस मागवणार आहेत. बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. आत्याने त्याच्यासाठी डबा भरून दिला होता, तो मी नेऊन दिला. नेऊन दिला, एवढं लक्षात असू दे.

तू विचारलं आहेस की मत काय झालं. ज्याला एक दरवाजा नीट लावता येत नाही त्याच्याबद्दल मी काय मत देणार? पण तरी ‘नाही’ असं मी लिहीत नाही. तू ते वाचून लगेच थांबशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. एक आठवडा जाऊ दे.

त्याला तू या आठवड्यातही जाड पाकीट पाठवलंस. मला कळतं.

तुझा
बाबा


शुक्रवार, १७ मार्च

चि. टकलीस,

आशीर्वाद. आज रविवार नाही, तरी लिहितो आहे. आधीच सांगतो, म्हणजे घाबरणार नाहीस: मी ठीक आहे. हे पत्र मी उजव्या हाताने लिहितो आहे आणि अक्षर वाईट आहे ते मूळचंच. त्याने तुला फोन केला असेल तर त्याने सांगितलं ते खरं आहे. केला नसेल तर मी सांगतो.

बुधवारी सकाळी चाचण्या चालू होत्या. मला चैन पडेना. दरवाजा वर जाऊन जिथे टेकतो त्या बैठकीमुळे फट पडते, म्हणजे कंपनीच्या लोखंडाचा दोष आहे, असं माझ्या डोक्याने घेतलं होतं. ते सिद्ध झालं असतं तर शुक्रवारी त्याची गच्छंती पक्की. मग मी टॉर्च घेतली आणि पलीकडच्या बाजूने, जिथून बटणांच्या पॅनलवर उभा असलेला तो दिसत नाही, तिथून मशीनखाली शिरून उघड्या दरवाज्याच्या फटीत डोकं घातलं. खाली वाकायचं तर आधी लोखंडी खुंटी अडकवायची, म्हणजे दरवाजा हलूच शकत नाही. हा नियम पोरांना मीच शिकवतो. खुंटी लावली असती तर चाचणी थांबली असती आणि त्याला कळलं असतं की मी त्याच्या कामात खोट काढायला बसलो आहे. म्हणून नाही लावली.

दरवाजा हलण्याआधी भोंगा होतो. भोंगा झाला. जाड्या ओरडला म्हणतात. मला काहीही ऐकू आलं नाही. मला फक्त दिसलं की टॉर्चचा उजेड बारीक होत चालला आहे.

जाड्याचं ओरडणं ऐकून तुझ्या इंजिनियरने पॅनलवरचं लाल बटण दाबलं. ब्रेकने दरवाजा जागच्या जागी धरायला हवा होता, तो आणखी थोडा पुढे घसरून मगच थांबला. मी डोकं मागे घेतलं, हातही घेतला. टॉर्च आत राहिली. आता ती कागदासारखी सपाट आहे.

तो पळत आला.  मला वाटलं आता विचारेल, लागलं का काका. नाही. माझे दोन्ही खांदे धरून त्याने मला उजेडात वळवलं, समोर तोंड आणलं आणि असा काही ओरडला, की माझ्यावर असं आजवर फक्त तू ओरडली आहेस.

“खुंटी कुठेय? ऐकू येत नाही हे माहीत असून खाली कसे शिरलात तुम्ही?”

कारखाना बंद पडल्यासारखी सगळी पोरं उभी. ऐकू येत नाही. इतकी वर्षं मी हे कोणाला कळू दिलं नव्हतं. डावा कान गेला, उजवा निम्मा उरला, हे फक्त तुला आणि आत्याला माहीत होतं. तू लहान असताना रस्त्याने माझ्या उजव्या बाजूने चालायचीस, दुकानदार काय म्हणाला ते मला पुन्हा सांगायचीस, कोणाला पत्ता लागू द्यायची नाहीस. ते आपल्या दोघांचं होतं. आणि तेव्हा मला कळलं की तो पहिल्या दिवसापासून माझ्या उजव्या बाजूला का येतो, तोंडासमोर तोंड का आणतो. तू त्याला सांगितलंस.

टकले, दरवाज्यात सापडता सापडता वाचलो, त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. हे मात्र फार लागलं. मला त्याचा हेवा वाटला. असा हेवा मला आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता. ना साहेबांचा, ना ज्यांची बायको म्हातारपणापर्यंत सोबत राहिली त्यांचा. हा पोरगा कालचा, आणि माझ्या पोरीने माझी गोष्ट काढून त्याच्या हातात दिली.

मग त्याने मला काही न विचारता मोटरच्या खोक्याचं झाकण उघडलं. आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मला जवळ बोलावलं, बाकीच्यांना लांब केलं.

आम्ही जुने लोक ब्रेकचा करंट मोटरच्याच तारांवरून घेतो. आयुष्यभर तसंच केलं. जुन्या मोटरीला करंट नेहमी पुरा मिळायचा, म्हणून ब्रेकलाही पुरा मिळायचा. या नव्या कामात वेग कमी करायचा म्हणजे मोटरचा करंट बारीक करायचा. तो बारीक झाला की ब्रेकही उपाशी, आणि उपाशी ब्रेक आवळायला लागतो. म्हणून चार बोटं. आठवडाभर अर्धवट घासून घासून त्याचं अस्तर जळलं, म्हणून तो वास, म्हणून दरवाजा घसरला. नकाशात ब्रेकला वेगळी तार दाखवली होती. नकाशा मी बघितला नव्हता.

मी तयारच होतो. आता हा सगळ्यांना सांगणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे मोठेपणाने गप्प बसणार. दोन्ही झालं नाही. तो हळू, एकेक शब्द सुटा करून बोलला.

“काका, हे झाकण मी गेल्या बुधवारीच उघडायला हवं होतं. तुम्ही रागावाल आणि तिला नाही म्हणाल, म्हणून नाही उघडलं. तुमचा मान राखायला गेलो आणि आज तुमचं डोकं गेलं असतं. यापुढे कामात मी तुम्हाला घाबरणार नाही. तिला काय लिहायचं ते खुशाल लिहा.”

मी म्हटलं, “झालं बोलून?”

“नाही. भोंग्याबरोबर लाल दिवा बसवल्याशिवाय मी हा दरवाजा ताब्यात देणार नाही. आणि दिवा कशाला, ते साहेबांना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.”

“मला मशीनवरून काढतील.”

“काढतील कदाचित,” म्हणाला. गोड बोलून धीर द्यायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

घरी आलो ते तणतणत. आत्याला म्हटलं, हा कोण लागून गेला? आत्या भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “दादा, तू जावई बघत होतास की हरवायला माणूस?” मी जेवलो नाही. मग भूक लागली म्हणून जेवलो.

काल सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. आधी ब्रेकचं सांगितलं, मग कानाचं.  साहेब म्हणाले की मशीनखालचं काम आता दुसऱ्या कोणीतरी करायचं, मी वर उभं राहून शिकवायचं, आणि डॉक्टरांना कान दाखवायचे. मशीन गेलं नाही, पण पूर्वीसारखं माझंही राहिलं नाही. दिवा बसतो आहे. ब्रेकचं अस्तर नवं घातलं, वेगळी तार त्याने आणि मी मिळून ओढली. नकाशा मी धरला होता.

आज दुपारी दरवाजा बंद झाला. हळू येऊन, आवाज न करता. कागद घालून बघितला, जात नव्हता. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्याच्याकडे न बघता हात पुसत बसलो.

आता उत्तर. मला तो आवडलेला नाही. त्याचं हसू आवडत नाही, उंची आवडत नाही, आत्या त्याला निळा कप देते ते आवडत नाही, आणि तुझी जाड पाकिटं तर मुळीच आवडत नाहीत. हे सगळं उद्याही असंच राहणार, त्याची मनाची तयारी ठेव. तुझी आई गेल्यावर इतकी वर्षं तुझं माझ्यावाचून अडायचं आणि माझं तुझ्यावाचून. आता तुझं अडत नाही. हे मला कुणी हळू सांगायला हवं होतं.

पण कानाची गोष्ट तू उगाच कोणाला सांगणारी नाहीस. ज्या दिवशी ती त्याला सांगितलीस त्याच दिवशी तू ठरवून मोकळी झाली होतीस. मला विचारलंस ते माझा मान राखायला. तो माझा मान राखून झाकण उघडेना, तू माझा मान राखून लग्न अडवून बसलीस. तुम्ही दोघं असेच माझा मान राखत बसलात तर एक दिवस माझ्यावर दरवाजा पडेल आणि तुमचा संसार उभा राहणार नाही.

माझा होकार आहे. तो तुला नको होता, तरी घे. तुझा इंजिनियर परवा निघतोय. स्टेशनवर आत्या जाणार आहे सोडायला. मीही जाईन बहुतेक. उजव्या बाजूला तो उभा राहील, तर राहू दे.

तुझा, आणि आता इलाज नाही म्हणून त्याचाही,
बाबा